घरापुरते आकाश

दांडी हे नाव घेतले की मराठी वाचकाला गुजरातेतील दांडी आठवते. ६ एप्रिल १९३० रोजी गांधीजींनी मिठाचा कायदा मोडला ते नवसारीजवळचे गाव. त्याच नावाचे एक गाव पालघर तालुक्यातही आहे. बोईसर-तारापूरच्या पट्ट्यात, समुद्रालगत वसलेले, मासेमारीवर पोट असलेले. या दोन गावांमध्ये नामसादृश्यापलीकडे काही नाते जोडण्याचा आमचा हेतू नाही. मात्र घरातील संगणकांचे जाळे एका खोलीतून दुसऱ्या खोलीत, तारेने वा तारेविना, कसे पसरत गेले याचा इतिहास पाहू लागलो तेव्हा मिठाचा तो कायदा आम्हांस पुन:पुन्हा आठवत राहिला. समुद्र जे सहज देतो त्यावर सरकारने मक्तेदारी सांगावी काय, हा १९३० चा प्रश्न होता. हवेतून जे सहज वाहू शकते त्यावर सरकारने किती हक्क सांगावा, हा आपल्या घरातील राउटरमागचा प्रश्न आहे. म्हणूनच वरवर तांत्रिक भासणारा हा विषय साहित्याच्या आणि इतिहासाच्या विद्यार्थ्यांनी केवळ दुरुस्ती करणाऱ्यावर सोपवून मोकळे व्हावे, असा नाही.

आरंभ ‘तार’ या शब्दापासून करू. धातूचा धागा आणि त्यावरून आलेला निरोप या दोहोंसाठी मराठीने हा एकच शब्द वापरला. ‘तार आली’ हे दोन शब्द कानी पडताच घरातील माणसांचे चेहरे उतरत, कारण सुखाची वार्ता पत्राची वाट पाहू शके, मृत्यूची वार्ता पाहू शकत नसे. १८५४ मध्ये मुंबई आग्र्यामार्गे कलकत्त्याशी तारेने जोडली गेली आणि १८५५ पासून ही सोय सर्वसामान्यांस खुली झाली. १८७० मध्ये एडन-सुएझमार्गे समुद्रतळावरून मुंबई थेट इंग्लंडशी जोडली गेली. दरम्यान १८६४ मध्ये गुजरातेकडून येणारा लोहमार्ग मुंबईस पोहोचला आणि पालघर-बोईसरचा पट्टा रुळांबरोबर तारेच्या खांबांनाही ओळखू लागला. पण खांब रुळांच्या कडेने गेले. किनाऱ्यावरची गावे त्यांच्यापासून काही कोस पश्चिमेला राहिली. जगाच्या एका टोकापासून मुंबईपर्यंत निरोप विजेच्या वेगाने येई आणि अखेरचा टप्पा माणसाच्या पायांनी चाले. जाळ्याचे सारे अंतर एकीकडे आणि शेवटची काही पावले दुसरीकडे, हा विषम हिशेब तेव्हापासूनचा आहे.

या तारेभोवती कायद्याची दुसरी तार गुंडाळली गेली ती १८८५ मध्ये. त्या वर्षीच्या भारतीय तार अधिनियमाने तारयंत्र उभारणे, राखणे आणि चालविणे हा सरकारचा अनन्य अधिकार ठरविला. इतरांनी ते करायचे तर परवान्याने. पुढे बिनतारी संदेशवहन आले. १९२३ मध्ये ‘रेडिओ क्लब ऑफ बॉम्बे’ने मुंबईत प्रक्षेपणाचे प्रयोग केले, १९२७ मध्ये इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीचे मुंबई केंद्र सुरू झाले आणि हौशी मंडळींच्या घरांत रेडिओसंच दिसू लागले. जुना कायदा यंत्र चालविण्यापुरता होता; नुसते यंत्र बाळगणाऱ्यास पकडण्यास तो अपुरा पडे. ती उणीव १९३३ च्या भारतीय बिनतारी तारायंत्र अधिनियमाने भरून काढली. यापुढे परवान्यावाचून बिनतारी उपकरण नुसते जवळ असणे हाही गुन्हा झाला. १९८० च्या दशकाच्या मध्यापर्यंत आपल्याकडे रेडिओसाठी परवाना लागे आणि त्याचे शुल्क टपाल कचेरीत भरावे लागे, हे आमच्या पिढीने घरातील जुन्या कागदांत पाहिले आहे. १९४२ मध्ये उषा मेहता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुंबईत काँग्रेस रेडिओचे गुप्त केंद्र चालविले. पोलिसांना चुकविण्यासाठी ते एका घरातून दुसऱ्या घरात हलत राहिले, पण नोव्हेंबरात पकडले गेलेच. मुंबईतील एखाद्या घरातून लहरी बाहेर पाठविणे म्हणजे काय धाडस होते, ते या प्रकरणावरून कळते.

येथे मिठाकडे क्षणभर वळणे आवश्यक आहे. ५ मार्च १९३१ च्या गांधी-आयर्विन कराराने मिठाचा कायदा रद्द केला नाही. एक मर्यादित सवलत तेवढी दिली. जेथे मीठ गोळा करता किंवा बनविता येते अशा भागालगतच्या गावांतील रहिवाशांना घरगुती वापरापुरते आणि गावातल्या गावात विकण्यापुरते मीठ घेता येईल. गावाबाहेर व्यापार करता येणार नाही. अनेकांना ही सवलत क्षुल्लक वाटली. आम्हांस मात्र तिच्यातील विचार महत्त्वाचा वाटतो. सत्तेची मक्तेदारी एका फटक्यात नाहीशी होत नसते. घराच्या उंबरठ्याशी ती प्रथम सैल होते. बिनतारी लहरींच्या बाबतीत असे सैल होण्यास १९३३ नंतर आणखी सात दशके जावी लागली.

या सात दशकांत तंत्रज्ञानाच्या बाजूने काय घडले, ते आता पाहू. येथे आपणांस पश्चिम किनाऱ्यावरून पॅसिफिक महासागरातील बेटांवर जावे लागेल. हवाई विद्यापीठाची केंद्रे वेगवेगळ्या बेटांवर विखुरलेली होती. ती एका संगणकाशी जोडण्यासाठी नॉर्मन अब्रॅमसन आणि सहकाऱ्यांनी १९७१ मध्ये ‘अलोहानेट’ हे रेडिओ-जाळे कार्यान्वित केले. सर्वांसाठी वाट एकच. ज्याला बोलायचे त्याने बोलावे. दोघे एकाच वेळी बोलले आणि शब्द आदळले तर प्रत्येकाने आपापल्या मनाने थोडा वेळ थांबून पुन्हा बोलावे, हा त्याचा नियम. या नियमाचा अभ्यास करून रॉबर्ट मेटकाफ यांनी मे १९७३ मध्ये झेरॉक्सच्या संशोधन केंद्रात एका तारेच्या जाळ्याची कल्पना मांडली आणि डेव्हिड बॉग्ज यांच्यासह ती प्रत्यक्षात आणली. नाव ठेवले ‘इथरनेट’. जुन्या भौतिकशास्त्राने प्रकाशासाठी कल्पिलेले, अवकाश व्यापून राहणारे ‘ईथर’ नावाचे द्रव्य त्यात आहे. म्हणजे ज्या केबलला आज आपण ‘वायर्ड’ म्हणून बिनतारीच्या विरुद्ध पक्षात बसवितो, तिने आपला स्वभाव बिनतारी जाळ्याकडून घेतला आणि नावही आकाशाचे घेतले. पुढे १९९७ मध्ये बिनतारी स्थानिक जाळ्याचे पहिले प्रमाणक आले आणि १९९९ पासून ‘वाय-फाय’ हे नाव रूढ होऊ लागले, तेव्हा हवेने तारेकडून शिकलेले धडे परत घेतले. मराठीने ‘बिनतारी’ असा नकारार्थी शब्द घडविला त्याला इलाज नव्हता, पण या दोन तंत्रांतील नाते नकाराचे नाही. ते एका घरातील दोन भावंडांचे आहे.

भारतात १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमाने आंतरजाल सर्वसामान्यांस खुले केले. मोडेम टेलिफोनच्या तारेस जोडायचा आणि कर्णकटू आवाजानंतर जग हाती यायचे. संगणक एकच, तार एकच आणि टेलिफोन जिथे असेल तिथेच जग. २००४ च्या ब्रॉडबँड धोरणाने सेकंदाला किमान २५६ किलोबिट ही ब्रॉडबँडची व्याख्या केली. त्यानंतर जोडणी कायमची चालू राहू लागली आणि ‘हे दुसऱ्या खोलीत कसे न्यायचे’ हा घरगुती प्रश्न प्रथमच उपस्थित झाला. एक उत्तर तारेचे होते. आठ धाग्यांच्या चार पिळलेल्या जोड्या असलेली केबल राउटरपासून भिंतीच्या कडेने न्यायची, वाटेत स्विच बसवायचा आणि एका टप्प्यात शंभर मीटरची मर्यादा पाळायची. दुसरे उत्तर हवेचे होते आणि तेथे १९३३ चा कायदा उभा होता.

अमेरिकेने १९८५ मध्ये काही लहरपट्टे परवान्याविना, कमी शक्तीच्या वापरासाठी मोकळे केले होते. त्यांत सूक्ष्मलहरींच्या भट्ट्या ज्या पट्ट्यात चालतात तो २.४ गिगाहर्ट्‌झचा पट्टाही होता. आपल्याकडे काही सवलती आधी दिल्या गेल्या आणि जानेवारी २००५ च्या अधिसूचनेने २.४ ते २.४८३५ गिगाहर्ट्‌झ हा पट्टा कमी शक्तीच्या उपकरणांसाठी परवान्यातून मुक्त झाला. अटी स्पष्ट होत्या. शक्तीची कमाल मर्यादा पाळावी, इतरांच्या कामात व्यत्यय आणू नये आणि इतरांमुळे आपल्याला व्यत्यय आला तर संरक्षण मागू नये. ना सभा, ना सत्याग्रह, ना वर्तमानपत्राचे मथळे. राजपत्रातील काही ओळींनी घरोघरच्या राउटरला कायदेशीर जन्म दिला. १९३१ च्या करारातील मिठाचे कलम आणि ही अधिसूचना शेजारी ठेवून वाचावीत असे आम्ही आमच्या विद्यार्थ्यांस सांगतो. दोहोंत मक्ता कायम आहे आणि दोहोंत घरापुरती मोकळीक आहे. तिकडे मीठ, इकडे आकाश. ऑक्टोबर २०१८ मध्ये ५ गिगाहर्ट्‌झच्या परिसरातील ६०५ मेगाहर्ट्‌झ इतका विस्तृत भागही असाच मोकळा झाला.

परवाना म्हणजे निव्वळ जुलूम, असे मात्र आम्हांस सुचवायचे नाही. किनाऱ्यावरच्या गावाला त्याची दुसरी बाजूही ठाऊक असते. समुद्रात गेलेल्या बोटीवरील व्हीएचएफ संचाचा सोळावा चॅनेल संकटसमयीच्या हाकेसाठी राखलेला असतो; तो साऱ्या जगात एकच, १५६.८ मेगाहर्ट्‌झ. तेथे कोणीही केव्हाही बोलू लागला तर बुडणाऱ्याची हाक गर्दीत हरवेल. काही आकाश राखलेले असावे आणि काही मोकळे असावे. वाद असलाच तर तो सीमारेषा कोठे आखावी याचा आहे.

कायद्याची भिंत अशी खाली आली तरी घराची भिंत उरतेच. किनारपट्टीच्या जुन्या कौलारू घरांतून लहरी बऱ्यापैकी पार होतात. लोखंडी सळयांच्या स्लॅबखाली त्या दमतात, पत्र्यावरून त्या परततात, पाण्याने भरलेली टाकी त्यांना गिळते. २.४ गिगाहर्ट्‌झची लहर भिंत ओलांडण्यात सरस, पण तिच्या वाटेवर गर्दी फार. ५ गिगाहर्ट्‌झची वेगवान, पण भिंतीपुढे लवकर हार मानणारी. अशा वेळी बाजारात मिळणारा रिपीटर आणून मधल्या खोलीत लावण्याचा मोह होतो. त्याची अडचण अशी की साधा रिपीटर एकाच तोंडाने ऐकतो आणि बोलतो. राउटरकडून ऐकलेले त्याच वाटेवर पुन्हा बोलून दाखवताना वेळ दुप्पट लागतो आणि वेग जवळपास निम्मा होतो. शिवाय पुष्कळांकडून तो जेथे संकेत आधीच क्षीण झाला आहे अशा ठिकाणी लावला जातो; मग तो इमानाने क्षीण संकेताचीच पुनरुक्ती करीत राहतो. याहून चांगला मार्ग म्हणजे राउटरपासून मागच्या खोलीपर्यंत केबल न्यायची आणि तिच्या टोकाशी ॲक्सेस पॉइंट बसवायचा. कणा तारेचा आणि अखेरची काही पावले हवेची. अलीकडच्या ‘मेश’ संचांनाही हाच न्याय लागू पडतो. त्यांतील उपकरणे एकमेकांशी तारेने, निदान स्वतंत्र लहरपट्ट्याने, जोडली तर त्यांचे खरे सामर्थ्य दिसते. खाऱ्या हवेत धातूची टोके गंजतात आणि पावसाळ्यात उघड्यावरच्या तांब्याच्या तारेवरून विजेचा लोळ घरात शिरण्याचे भय असते, म्हणून बाहेरच्या टप्प्यासाठी काचेचा तंतू अधिक सुरक्षित.

एक धोका आणखी आहे. विस्ताराच्या उत्साहात केबलचे दुसरे टोक फिरून त्याच स्विचमध्ये खोचले गेले तर संदेश वर्तुळात फिरू लागतात, त्यांच्या प्रती वाढत जातात आणि क्षणार्धात सारे जाळे गुदमरते. रॅडिया पर्लमन यांनी १९८५ मध्ये यावर एक रीत शोधली. जाळ्यातील यंत्रांनी आपापसांत बोलून एक वृक्ष ठरवायचा आणि ज्या फांद्यांमुळे वर्तुळ तयार होते त्या तात्पुरत्या मिटवून ठेवायच्या. मोठ्या कचेऱ्यांतील स्विच हे करतात; घरगुती स्वस्त स्विच बहुधा करीत नाहीत. जाळे जितके पसरावे तितकी त्याची शिस्त सांभाळावी लागते, हे मासेमाराच्या गावात वेगळे सांगण्याची गरज नाही. जाळ्याचा आस, त्याच्या गाठी आणि दर खेपेनंतरची डागडुजी यांवरच तेथील संसार चालतो.

आता मुख्य मुद्द्याकडे येऊ. राउटर घरात कोठे असतो? बहुतेक घरांत दर्शनी खोलीत, दूरदर्शनसंचाशेजारी; कारण बाहेरून आलेली तार तेथेच टेकते. पूर्वी टेलिफोन तेथेच असे, त्याच्या तबकडीस कुलूपही असे. त्याआधी रेडिओ तेथेच असे आणि माजघरातल्या बायका तो भिंतीआडून ऐकत. बाहेरून येणारे प्रत्येक माध्यम पुरुषांच्या बैठकीत प्रथम उतरले आणि स्वयंपाकघराकडे जाता जाता क्षीण होत गेले. लहरींच्या क्षीणतेचे भौतिक नियम आणि घराच्या उतरंडीचे सामाजिक नियम येथे एकमेकांवर तंतोतंत बसतात. मागच्या खोलीत संकेत पोहोचत नाही, ही तक्रार करणारी व्यक्ती बहुधा कोण असते, हे ज्याने त्याने आपल्या घरात पाहावे. दहा-पंधरा मीटर केबल आणि एक ॲक्सेस पॉइंट यांची किंमत फार नसते. ती खर्च करावी असे घरातील कोणाला वाटते आणि कोणाला वाटत नाही, हा जाळ्याच्या विस्ताराचा न लिहिला गेलेला इतिहास आहे.

२०२० च्या टाळेबंदीत हा इतिहास आमच्यासमोर उघडा पडला. वर्ग पडद्यावर आले. किनाऱ्याकडील गावांतून येणारे आमचे कित्येक विद्यार्थी गच्चीवर, ओट्यावर, कोणी मोबाइलच्या मनोऱ्याकडे तोंड करून बसलेले दिसत. मुलगे घराबाहेर पडून संकेत शोधू शकत. मुलींपैकी अनेकींना घरातल्या घरात, कामाच्या मधून, भिंतीमागूनच वर्गात बसावे लागे. त्यांचा आवाज तुटत असे आणि हजेरीच्या वेळी उत्तर न आल्याने एखादीची गैरहजेरी लागत असे. अभ्यासक्रमात आम्ही स्त्रीसाहित्यातील माजघर शिकवीत होतो, आणि माजघर त्याच वेळी पडद्यावर तुटक तुटक बोलत होते.

घराबाहेरच्या अंतराचे उत्तर शोधण्याचा एक महत्त्वाचा प्रयत्न याच तालुक्यात झाला, ही गोष्ट आमच्या भागात पुरेशी ठाऊक नाही. मुंबईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेतील अभय करंदीकर आणि सहकाऱ्यांनी पालघर तालुक्याच्या पूर्वेकडील खामलोली परिसरात ‘ग्राममार्ग’ हा प्रकल्प राबविला. दूरदर्शनच्या प्रक्षेपणासाठी राखलेला, ४७० ते ५९० मेगाहर्ट्‌झचा पट्टा देशात बव्हंशी रिकामाच पडून आहे, असे या गटाच्या अभ्यासात दिसले होते. १२० पैकी सरासरी १०० हून अधिक मेगाहर्ट्‌झ मोकळे. या पट्ट्यातील लहरी झाडाझुडपांतून आणि उंचसखल भागातून दूरवर जातात. तेव्हा एका जागी आलेली जोडणी या रिकाम्या आकाशातून गावांपर्यंत न्यायची आणि गावात साध्या वाय-फायने घरांजवळ पोहोचवायची, अशी ही योजना. पुढे परवानामुक्त ५.८ गिगाहर्ट्‌झच्या साहाय्याने तिचा विस्तार पंचवीस गावांपर्यंत झाला आणि २०१७ मध्ये मोझिलाच्या ‘इक्वल रेटिंग’ स्पर्धेत तिला सव्वा लाख डॉलरचे पहिले पारितोषिक लाभले. या रचनेकडे बारकाईने पाहिले तर ती घरातील चांगल्या जाळ्याचीच मोठी आवृत्ती आहे. कणा भक्कम, मधला टप्पा स्वतंत्र पट्ट्याचा आणि अखेरची पावले मोकळ्या हवेतून. ग्रामपंचायतींपर्यंत काचेचा तंतू नेण्याची २०११ मध्ये मंजूर झालेली आणि पुढे ‘भारतनेट’ म्हणून ओळखली गेलेली योजना हा त्या कण्याचाच राष्ट्रीय प्रयत्न आहे. तंतू पंचायतीच्या कचेरीपर्यंत येतो. तेथून उंबरठ्यापर्यंतचे अंतर, तारेच्या जमान्याप्रमाणेच, पुन्हा शिल्लक राहते.

डिसेंबर २०२० मध्ये केंद्र सरकारने मंजूर केलेल्या ‘पीएम-वाणी’ योजनेने त्या अंतरावर एक उपाय सुचविला आहे. गावातील लहान दुकानदाराला परवाना वा शुल्क यांविना आपल्या दुकानातून वाय-फाय पुरविता आणि विकता यावे, अशी तिची मांडणी आहे. १९३१ च्या कलमाचा उत्तरार्ध येथे वाचकांस आठवेल: गावातल्या गावात विक्री. मीठ आणि आकाश यांची ही समांतर रेषा येथवर येऊन पोहोचते. १८८५ आणि १९३३ च्या दोन्ही कायद्यांची जागा घेण्यासाठी संसदेने २०२३ मध्ये दूरसंचार अधिनियम संमत केला, म्हणजे कागदोपत्रीचे एक युग सरत आले आहे. परंतु नवा कायदाही लहरींच्या वाटपाचा अधिकार सरकारकडेच ठेवतो. मोकळे आकाश किती आणि राखलेले किती, याची सीमारेषा पुढेही राजपत्रातच आखली जाणार. ती वाचण्याचे काम तंत्रज्ञांइतकेच आपलेही आहे.

घराच्या आतील सीमारेषा मात्र कोणत्याही राजपत्रात आखली जात नाही. शासनाने पट्टा मोकळा केला, संशोधकांनी गावापर्यंत वाट काढली, तंतू पंचायतीपर्यंत आला. दर्शनी खोलीपासून स्वयंपाकघराच्या मागच्या दारापर्यंतचे दहा-पंधरा मीटर घरच्यांनीच चालायचे आहेत. दांडीच्या एखाद्या घरात बारावीची मुलगी चुलीशेजारी बसून व्याख्यान ऐकू शकते की नाही, हे या दहा-पंधरा मीटरवर ठरते.